बंदिशाळेतील गीत

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१६–४०. सोबत वाचावे : स्तोत्र १३७, आमोस ५:२१–२४.

काळ कठीण आला आहे, असे हल्ली खेडोपाडीच्या मंडळ्यांतून वारंवार ऐकू येते. कोठे नव्या कायद्याची धास्ती, कोठे निवडणुकीने गावात पाडलेले तट, कोठे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदलेल्या घरांनी एकाएकी धरलेला अबोला. बातमी पूर्वी आठवडेबाजाराच्या वाटेने येई. आता ती क्षणाक्षणाला येते, आणि खरी किती व खोटी किती हे कळण्याच्या आधीच मन पोळून जाते. अशा वेळी उपदेशक म्हणतो, "या, भजनास बसू." तेव्हा एखादा तरुण विचारतो, "घर पेटले असता गाणे कसले गाता?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्यास उत्तर दिलेच पाहिजे, व ते आज आपण फिलिप्पै येथील बंदिशाळेत शोधू.

फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर साधे नव्हते. इ. स. पूर्व ४२ साली तेथे मोठी लढाई झाली व त्यानंतर रोमी शिपायांना जमिनी देऊन तेथे वसविण्यात आले. म्हणून तेथील लोकांस आपल्या रोमीपणाचा भारी अभिमान. पौल व सीला यांनी तेथे एका दासीला दुष्ट आत्म्यापासून मुक्त केले. ती भविष्य सांगून आपल्या धन्यांस पुष्कळ पैसा मिळवून देत असे. तो पैसा बुडाला. परंतु धनी अधिकाऱ्यांपुढे गेले तेव्हा पैशाचा शब्दही त्यांनी काढला नाही. हे यहूदी आहेत, आपल्या नगरात गोंधळ माजवितात, आपणा रोमी लोकांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवितात, अशी त्यांची फिर्याद. दुखणे कमाईचे, आणि ओरड मात्र परकेपणाची! आमच्या वाचकांपैकी कित्येकांस ही फिर्याद ओळखीची वाटेल. जमाव उठला, चौकशी झालीच नाही, अंगावरची वस्त्रे फाडून छड्या मारल्या, आणि आतल्या अंधारकोठडीत नेऊन पाय खोड्यात अडकविले.

मग मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करीत होते व देवाची गीते गात होते, असे लूक सांगतो. येथे वाचणाऱ्याने घाई करू नये. बहुतेक जण धावत पुढच्या वचनातील भूमिकंपाकडे जातात, आणि गाण्यामुळे तुरुंगाची दारे उघडली असा सोपा धडा काढतात. पण गीत आधी आहे, भूमिकंप मागाहून. गाणाऱ्यांस सुटकेची काहीच कल्पना नव्हती. पाठीवरचे वळ ताजे होते. खोड्यात अडकलेल्या माणसाला कूसही बदलता येत नाही. सकाळी काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नव्हते. हे सुटकेबद्दलचे आभारगीत नव्हे. सुटका दिसत नसता गाइलेले ते गीत आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट लूकने टिपली आहे. इतर बंदिवान ते गाणे कान देऊन ऐकत होते. नायक मात्र झोपला होता. भूमिकंप झाला तेव्हा तो जागा झाला, असे पुढे लिहिले आहे. ज्याच्या हाती किल्ल्या होत्या त्याने गीत ऐकले नाही, ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांनी ऐकले. ते कोण होते, कोणत्या अपराधासाठी आत होते, आम्हांस ठाऊक नाही. पण दारे उघडली असताही त्यांतील एकही पळाला नाही, व पौलाने अंधारातून ओरडून नायकाचा जीव वाचविला, हे मात्र लिहून ठेवले आहे.

ते काय गात होते? लूकने सांगितलेले नाही. परंतु पौल यहूदी घरात व यहूदी शाळेत वाढलेला. अशा मुलास स्तोत्रे लहानपणापासून मुखोद्गत असत, म्हणून ती स्तोत्रेच असावीत असे मानणे वावगे होणार नाही. कोठडीत दिवा नव्हता, हातात ग्रंथाची गुंडाळी नव्हती. जे पाठ होते तेवढेच त्या रात्री त्यांच्यापाशी होते. आमच्या प्रभूनेही धरून दिला गेला त्या रात्री वल्हांडणाचे जेवण आटोपल्यावर शिष्यांसह स्तोत्र गाइले व मग तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला (मत्तय २६:३०). त्या सणाला गावयाची स्तोत्रे, ११३ पासून ११८ पर्यंतची, दर वर्षी घरोघर गाइली जात. वधस्तंभाच्या आदल्या रात्री त्याने नवे काही रचले नाही. लहानपणापासून दर वल्हांडणास जे गाइले तेच गाइले.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. गाणे म्हणजे दुःख विसरण्याचे औषध, असा त्याचा समज आहे. आणि हा समज आम्हा उपदेशकांमुळेच पसरला असावा, कारण उत्सवाची गीते आम्ही पुष्कळ शिकवितो व रडण्याची थोडी. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, शत्रूंविषयी राग आहे, देवा तू कोठे आहेस असा सरळ सवाल आहे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एक रेघही नाही. तरी ते देवाच्या लोकांच्या गीतपुस्तकात आहे. म्हणजे ज्याला आज आशा दिसत नाही त्यालाही मंडळीत बसून गाता यावे, अशी सोय देवाने करून ठेविली. दुःख एकट्याने उराशी धरून बसले तर ते कुजते. तेच शब्दांत घालून, सुरात घालून, चारचौघांनी मिळून देवापुढे मांडले म्हणजे त्याचे ओझे वाटले जाते. ज्या आयाबायांनी पहाटे जात्यावर बसून सासुरवास ओव्यांत गाइला, त्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

स्तोत्र १३७ याच जातीचे. यरुशलेमाचा नाश होऊन लोक बाबेलास धरून नेले गेले. तेथे नदीकाठी बसून ते रडत, आणि त्यांस पाडाव करणारे म्हणत की तुमच्या सियोनाचे एखादे गाणे आमच्या करमणुकीसाठी होऊ द्या. त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेविल्या. धन्याच्या हुकुमाने, धन्याच्या मौजेसाठी ते गाइले नाहीत. पण त्या नकाराचेच एक गीत झाले व ते अडीच हजार वर्षे लोकांच्या मुखी आहे. तेव्हा गीत कोणासाठी व कोणाबरोबर गावयाचे, हा प्रश्न सामान्य नव्हे. याचा एक दाखला आमच्या काळाला जवळचा आहे, आणि त्याचे मूळ आमच्यासारख्याच खेड्यांतील मंडळ्यांत आहे; म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राकाठी एस्तोनिया नावाचा लहान देश आहे. तेथील शेतकरी शतकानुशतके जर्मन जमीनदारांचे बांधील दास होते. अठराव्या शतकात हर्नहूट येथील मोरेव्हियन बंधू त्यांच्यामध्ये आले. ग्रीनलंड व वेस्ट इंडीज बेटांत ज्यांनी मिशनरी पाठविले तेच हे लोक. त्यांनी शेतकऱ्यांस प्रार्थनागृहे बांधावयास, वाचावयास व अनेकांनी मिळून सुरात गावयास शिकविले. १७४३ साली रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ हिने त्यांच्या कार्यास बंदी केली. तरी सभा गुपचूप चालू राहिल्या. १८१६ व १८१९ सालच्या कायद्यांनी दास्य सुटले, पण गाण्याची सवय मात्र सुटली नाही. पुढे यान्सेन नावाच्या गृहस्थाने, जो पूर्वी खेड्यात शाळा शिकवी व देवळातील गायन सांभाळी, १८५७ साली शेतकऱ्यांसाठी एक साप्ताहिक पत्र काढले, आणि १८६९ साली तार्तू नगरी देशातील पहिला गायनमेळा भरविला. आठशेंच्या वर गाणारे व वाजविणारे जमले. त्या मेळ्यात गाइलेल्या गीतांत त्याच्या कन्येचे, लिडिया कोयडुला हिचे, मायभूमीवरील एक गीत होते. (फिलिप्पैच्या लुदियेचेच हे नाव, हे वाचकांनी ओळखले असेल.)

१९४० साली सोव्हिएत रशियाने हा देश गिळला. मध्ये तीन वर्षे जर्मनांचे राज्य झाले, आणि १९४४ साली पुन्हा रशियाचे. जून १९४१ मध्ये सुमारे १०,००० व मार्च १९४९ मध्ये सुमारे २०,००० माणसे, त्यांत बायका, म्हातारे व लेकरे पुष्कळ, आगगाडीच्या डब्यांत कोंबून दूर पूर्वेकडे हद्दपार केली. कित्येक परत आलीच नाहीत. गायनमेळे मात्र राज्यकर्त्यांनी बंद केले नाहीत. ते आपल्या स्तुतीसाठी वापरले. १९५० साली तीन नामांकित गायनशिक्षकांस अटकही झाली. कोयडुलाच्या गीतास गुस्ताव एर्नेसाक्स याने १९४४ साली नवी चाल लाविली होती; १९४७ च्या मेळ्यात ते गाइले गेले व त्यानंतर कार्यक्रमातून वगळण्यात आले. लोकांनी वाद घातला नाही. सांगितलेली गाणी गाइली, घरी गेले, आणि लेकरांस ते गीत पाठ करविले. १९६० च्या मेळ्यात ठरलेला कार्यक्रम संपल्यावर लोकांनी ते आपण होऊन गाइले. हजारो कंठांतून निघालेले गीत थांबवावे कसे, हे कोणास सुचले नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये टालिन येथील गायनमैदानावर सुमारे ३,००,००० लोक जमल्याचे सांगतात, आणि साऱ्या देशाची वस्ती तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास! २० ऑगस्ट १९९१ रोजी तो देश रक्तपाताविना पुन्हा स्वतंत्र झाला.

केवळ गाण्याने राज्य उलथले असे म्हणणे भोळेपणाचे होईल. सोव्हिएत सत्ता आतूनच पोखरली होती. शिवाय ते गीत देशभक्तीचे होते, भजन नव्हे. आणि देशभक्तीचे गीत दुसऱ्या कोणाचा द्वेष करावयासही वापरता येते, हे आम्ही जाणतो. तथापि १९४७ आणि १९६० यांच्या मधली जी तेरा वर्षे, त्यांकडे आमचे लक्ष लागून राहते. त्या काळात सुटकेचे चिन्ह कोठेच नव्हते. तेव्हा स्वयंपाकघरात हलक्या आवाजात ज्या आईने लेकरास ते शिकविले, ती फिलिप्पैच्या कोठडीपासून फार दूर नव्हती.

परत त्या कोठडीकडे वळू, कारण तेथील सकाळ विसरून चालणार नाही. अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी निरोप पाठविला, त्यांस सोडून द्या. पौल निमूटपणे निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक असता चौकशीवाचून चारचौघांत आम्हांस मारले. आता गुपचूप घालवून देता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने सांगून पाठविले. अधिकारी घाबरून आले व विनवू लागले. रात्री गाणारा व सकाळी न्याय मागणारा एकच मनुष्य आहे. ज्याला वाटते की भजनास बसलेला माणूस अन्यायापुढे मान तुकवितो, त्याने हा अध्याय शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आणि ज्याला भजनच पुरे वाटते, अर्ज नको, साक्ष नको, शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहणे नको, त्याने आमोसाचा पाचवा अध्याय उघडावा. न्याय नसेल तर गाण्याचा गोंगाट देवाला नकोसा होतो, हे तेथे फार कडक शब्दांत आले आहे.

आमच्या मराठी मंडळ्यांस या बाबतीत मोठे धन मिळाले आहे. प्रथम मिशनऱ्यांनी विलायती चालींवर गीते रचली; ती भक्तिभावाची होती, पण शेतावरून आलेल्या माणसाच्या जिभेवर ती सहज बसत ना. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. पुढच्याच वर्षी प्लेग आला, त्यापाठोपाठ दुष्काळ आला. त्या काळापासून १९१९ साली त्यांचा अंत होईपर्यंत त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजने लिहिली, व मराठी माणसाला ख्रिस्ताशी आपल्या आईच्या बोलीत बोलता येऊ लागले. टाळ व मृदंग असला म्हणजे झाले. नसला तरी टाळी आहेच. मात्र हे धन पुस्तकात राहिले तर मध्यरात्री उपयोगी पडणार नाही. आता अनेक मंडळ्यांत कोणी पुस्तकात पाहून गातो, कोणी भिंतीवर पाडलेल्या अक्षरांकडे पाहून. पेटी वाजविणारा आला नाही तर भजनच होत नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची सूचना आहे. या तीन महिन्यांत मंडळीकडून चार भजने व दोन स्तोत्रे पूर्ण पाठ करवून घ्यावीत. सहांपैकी दोन तरी विलापाची असावीत. पट्टी खालची धरावी, म्हणजे म्हाताऱ्यांस व लेकरांसही मिळून गाता येते. पेटी शिकताना वापरावी व मग बाजूस ठेवावी. ज्या घरात भीती किंवा शोक आहे तेथे जाऊन भाषण न करता आधी गावे, व घरच्यांस सुचेल ते त्यांच्याकडूनच सुरू करवावे. येत्या शनिवारच्या सभेत दिवे मालवून एकदा पाहावे की, कोणती भजने मंडळीला शेवटच्या कडव्यापर्यंत येतात. जी पुरी झाली त्यांची नावे वहीत लिहावी. जी अर्ध्यावर थांबली, त्यांपासून पुढल्या आठवड्याचा पाठ सुरू करावा.