रेंज गेल्यावर चालणारा सिनेमा : सहलीच्या तयारीतला एक पाठ



सहल ठरली की आपली यादी तयार असते. पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, उलटीसाठी पिशव्या, दर थांब्याला हजेरी. अलीकडे या यादीत आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे टॅबमध्ये साठवून नेलेला सिनेमा. ही तयारी मी एकदा अर्धवट केली आणि मुलांसमोर चांगलीच फजिती झाली. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

आमची शाळा महाबळेश्वर तालुक्यात, डोंगरात. चौथी-पाचवीची ३४ मुलं घेऊन आम्ही रायगडला गेलो होतो. परतताना पोलादपूर सोडलं, आंबेनळी घाट चढायला लागलो आणि एका वळणावर पुढे दोन ट्रक अडकले. अंधार पडला. मोबाईलला एक काडीसुद्धा रेंज नाही. मुलं कंटाळली, दोघं-तिघं रडायला लागली. मी मोठ्या ऐटीत टॅब काढला. आठवडाभर आधीच मी त्यात परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) डाउनलोड करून ठेवला होता. प्ले दाबलं, तर पडद्यावर सूचना आली : मुदत संपली आहे, इंटरनेटला जोडा.

मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मागून पाचवीतला एक जण म्हणाला, "बाई, आमच्या पप्पांनी कार्डात टाकलेला पिच्चर कधीपण चालतो की. तुमचा का नाही चालत?"

सव्वादोन तास आम्ही गाण्याच्या भेंड्या खेळलो. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, का नाही चालला?

'डाउनलोड' म्हणजे नेमकं काय?

भारतात यूट्यूबने २०१४ च्या डिसेंबरात व्हिडिओ ऑफलाइन पाहण्याची सोय दिली, तर नेटफ्लिक्सने २०१६ च्या नोव्हेंबरात. आपल्याला वाटतं, डाउनलोड केलं म्हणजे सिनेमा आपला झाला. तसं नसतं. अशा ॲपमध्ये उतरवलेली फाईल कुलूपबंद असते. ती त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर उघडते आणि तिच्यासोबत मुदतीचा परवाना येतो. काही सिनेमे एकदा सुरू केले की ४८ तासांत संपतात. ही फाईल म्हणजे वाचनालयाचं पुस्तक, तारीख उलटली की परत. कार्डातली साधी फाईल मात्र घरातल्या पुस्तकासारखी असते, तिला तारीख नसते.

रेंज जाण्याआधी एवढं करा

१. डाउनलोड सहलीच्या आदल्या रात्री करा. आधी केलं असेल तर नेट चालू असताना ॲप उघडून मुदत तपासा.

२. विमान मोड लावा आणि घरीच दोन मिनिटं सिनेमा चालवून बघा. ही एक चाचणी मी केली असती, तर त्या दिवशी फजिती टळली असती.

३. ॲपमधून लॉगआउट करू नका. बऱ्याच ॲपमध्ये त्याबरोबर उतरवलेलंही जातं.

४. लहान पडद्यासाठी मध्यम दर्जा पुरतो. जागा वाचते, वेळही वाचतो.

५. पॉवर बँक आणि छोटा स्पीकर सोबत ठेवा. टॅबचा आवाज एसटीत तिसऱ्या सीटच्या मागे जात नाही.

६. चालत्या गाडीत, घाटात तर पडदा बंदच. डोळ्यांना समोरचं चित्र स्थिर दिसतं, पण कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूला सांगतं की आपण हलतोय. या गोंधळामुळे गाडी लागते. सिनेमा फक्त गाडी थांबलेली असताना. एरवी खिडकीबाहेर प्रतापगड दिसतो, तो दाखवा.

हेच अभ्यासालाही लागू आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे पाठ दीक्षा ॲपमध्ये उतरवून नेटशिवाय बघता येतात. तापोळ्याकडच्या, शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या पालकांना मी सांगते, बाजाराला महाबळेश्वरात आलात की पुढच्या आठवड्याचे पाठ उतरवूनच परत जा.

कार्डातला सिनेमा कुठून आला?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा अवघड भाग. आमच्या भागातले अनेक वडील मुंबईला कामाला असतात. गणपतीला, शिमग्याला गावी येताना ते मेमरी कार्डात सिनेमे भरून आणतात. पोरांसाठी तो खाऊच असतो. त्यातले बरेच सिनेमे चोरून केलेल्या प्रती असतात. पण पोराला भर वर्गात "तुझ्या पप्पांनी चोरी केली" असं म्हणायचं का? मला ते जमलं नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

म्हणून आधी मी कायदा वाचला. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळांना एक मुभा आहे. शाळेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच हवीत. म्हणून चोरीची प्रत चालते असं मात्र नाही. शिवाय अनेक ॲपच्या अटींत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. मी त्या वाचल्याच नव्हत्या. म्हणजे त्या दिवशी चूक फक्त त्या मुलाच्या वडिलांच्या बाजूला नव्हती, बाईंच्या बाजूलाही होती. हे मी वर्गात तसंच सांगितलं. मग मुलं मोकळेपणाने बोलली.

वर्गातला पाठ

फळ्यावर गणित घेतलं. दीड तासाच्या सिनेमाला दर सेकंदाला १ मेगाबिट लागतं. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद, म्हणून ५,४०० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाईट, म्हणून ५,४०० ÷ ८ = ६७५ मेगाबाईट. आता नेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर उतरवायला २,७०० सेकंद, म्हणजे ४५ मिनिटं. "सकाळी सहाला एसटी असेल तर डाउनलोड कधी सुरू करायचं?" या प्रश्नाला पाचवीची सगळी मुलं वही घेऊन बसली. भागाकाराला एवढा उत्साह मी आधी पाहिला नव्हता.

परिसर अभ्यासासाठी मुलांनी घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढला आणि रेंज कुठे येते, कुठे जाते याच्या खुणा केल्या. हा नकाशा आजारपणातही कामाला येतो, एका आजीने तो भिंतीला लावून घेतला आहे.

पुढच्या वर्षी

पुढच्या सहलीला मी वेगळा सिनेमा नेला : दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. आपल्याकडे सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतात, त्यामुळे तो आता कुणीही, कुठेही दाखवू शकतो. त्याचे काही भागच आज उरले आहेत. ते मी साध्या फाईलच्या रूपात कार्डात घेतले आणि आदल्या रात्री विमान मोड लावून चालवून पाहिले.

पोलादपूरला चहासाठी थांबलो, तेव्हा उभ्या एसटीत टॅब लावला. मूकपट असल्यामुळे स्पीकरची गरजच नव्हती. मुलांनी स्वतःच संवाद म्हणायला सुरुवात केली, तेही आपल्या भाषेत. तारामतीचं काम अण्णा साळुंखे नावाच्या पुरुषाने केलंय हे सांगितल्यावर तर हसून हसून पुरेवाट झाली.

मागच्या वर्षी ज्याने प्रश्न विचारला होता तो आता सहावीला दुसऱ्या शाळेत गेला. त्याची धाकटी बहीण बसमध्ये होती. तिने विचारलं, "बाई, हा कुठनं आणला?"

या वेळी मला उत्तर देता आलं. सहलीला सिनेमा नेताना तुमच्याजवळही ते तयार असू द्या.