वार्धक्य आणि चिलटांचे प्रणयाराधन

बालाघाटच्या बाजारातून आणलेली केळी जरा अधिक पिकली, की त्यांच्याभोवती लाल डोळ्यांची बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी ती निराळी. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण माशी सुमारे १० दिवसांत होते आणि ती साधारण दोन महिने जगते. त्यामुळे तिचे तारुण्य व वार्धक्य दोन्ही एकाच सत्रात पाहावयास मिळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी गंध व चव यांचे ज्ञान कसे होते, हे याच माशीच्या साहाय्याने अभ्यासिले.

नराचे प्रणयाराधन ठराविक क्रमाने चालते. तो मादीकडे तोंड करून उभा राहतो, पुढच्या पायाने तिला हळूच स्पर्श करितो, तिच्या मागोमाग चालतो आणि एक पंख आडवा पसरून तो कंपित करितो. हेच त्याचे गाणे. ते आपल्या कानांपर्यंत पोहोचत नाही. मादी ते आपल्या शृंगिकांनी ऐकते.

वय वाढले म्हणजे नर या आराधनेत कमी वेळ घालवितो. पंख झिजले असतील, असे आपणांस सहज वाटेल. परंतु २०१५ साली तैवानमधील संशोधकांनी वृद्ध नरांच्या मेंदूतील मोजक्या पेशींत डोपामाइन हे द्रव्य वाढविले, तेव्हा ते नर पुन्हा आराधना करू लागले. म्हणजे अवयवांत सामर्थ्य शिल्लक होते; मंदावली होती ती प्रेरणा.

आता दुसरी बाजू पाहू. म्हैसूरच्या संशोधकांनी २०११ साली ड्रोसोफिला बायपेक्टिनाटा या जातीविषयी असे प्रसिद्ध केले, की तिच्या माद्या तरुण नरांपेक्षा वयाने मोठ्या नरांना पसंत करितात. तेव्हा वय वाढले म्हणजे सर्वत्र उणेपणच येतो, असा सरसकट नियम आपणांस मांडता येत नाही. एका जातीचा निष्कर्ष दुसरीस, आणि माशीचा मनुष्यास, तपासल्यावाचून लावू नये.

आम्ही भाषा शिकविणारे. तरी विद्यार्थी मित्रांनी पुढील निरीक्षण अवश्य करावे, असे आम्हांस वाटते. बाटलीत केळ्याचा तुकडा ठेवून तोंडास कापसाचा बोळा लावावा. ज्याच्या पोटाचे टोक काळे व बोथट, तो नर. तरुण व वृद्ध नर निरनिराळ्या बाटल्यांत ठेवून प्रत्येकात एकेक तरुण मादी सोडावी आणि १० मिनिटांत नराने पंख किती वेळा पसरला, ते भिंगातून पाहून मोजावे. मात्र दिवसाची वेळ व हवेची ऊब दोहोंस सारखीच असावी. नाहीतर फरक वयाचा की उन्हाचा, हे कळणार नाही.