काकांची गाडी घेण्याआधी

अगं, काकांनी त्यांची कोल्हापूरची ॲक्टिव्हा 5जी देऊ केली आणि तू लगेच हो म्हणून मोकळी झालीस? जरा दमानं घे. निपाणीतल्या त्या 6जीवाल्याला अजून ‘नाही’ कळवू नकोस.

तू म्हणालीस, ‘ताई, जुनीत जोर जास्त आहे.’ कागदावर आहेच. 2018 ला आलेली 5जी 7.96 अश्वशक्तीची, 2020 ची 6जी 7.68 ची. बीएस-6 चे नियम आले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि आकडा किंचित उतरला. पण तवंदी घाट चढताना एवढा फरक तुला कळायचासुद्धा नाही. ब्रेकही दोन्हींना सारखेच, ड्रमचे.

तू बघायचं ते पुढचं चाक. 5जीला ते 10 इंची आणि सस्पेन्शन जुन्या घडणीचं. खड्ड्यात आदळली की दणका सरळ हातात येतो. 6जीला पुढे 12 इंची चाक आणि मोटरसायकलसारखे टेलिस्कोपिक शॉकअप. जमिनीपासूनची उंचीही 153 वरून 171 मिलिमीटर झाली. अकोळच्या रस्त्यानं तुझं रोजचं जाणं-येणं, त्यात गेल्या पावसाळ्यापासून मनगट धरून बसतेस. मला तुझ्या मनगटाची काळजी आहे, अश्वशक्तीची नाही.

एका गोष्टीत मात्र जुनी सरस आहे. 5जीला सरसकट एलईडी हेडलाइट आहे. 6जीत तो फक्त डिलक्सला, साध्या मॉडेलला पिवळा बल्ब. गळीत हंगामात अंधार पडल्यावर मागं लाल दिवासुद्धा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक पुढ्यात येतात, तेव्हा उजेड लागतोच. म्हणून ती 6जी कुठली आहे ते आधी विचार. डिलक्स असेल तर तीच घे.

आणि काकांची गाडी एमएच-09 आहे, हे विसरलीस? आपल्याकडं अर्धे पाहुणे कागल-कोल्हापुरात, त्यामुळं एमएचच्या गाड्या इकडं सर्रास फिरतात. म्हणून काय झालं? बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी काढा, चिक्कोडीला जाऊन केए-23 चा नंबर घ्या, कर्नाटकचा रोड टॅक्स वेगळा भरा. काका पैसे घेणार नाहीत गं, पण हा खर्च आणि हेलपाटे तुझ्याच माथी. 6जी मुळात केए-23 चीच आहे. नुसती नावावर करायची.

गाडी बघायला सकाळी लवकर जा. मालकाला फोनवरच सांग, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. इंजिन गार असताना कशी चालू होते ते बघायचंय. सोबत आपला मिस्त्री ने. काकांशी मी बोलते, त्यांना वाईट वाटणार नाही.