आधी बंद हापसा पाहा

चि. मृण्मयी,

मलावीत पोचल्यावर काय काय सुरू करायचं याची तू पाठवलेली यादी वाचली. शाळेत पावसाच्या पाण्याची टाकी, दोन नवे हापसे, मुलींसाठी स्वच्छतागृह. यातलं एकही काम गैर नाही. तरीही मी आग्रहाने सांगेन, की पहिले दोन महिने यातलं काहीच हाती घेऊ नकोस. गावात आज जे आहे ते कोण चालवतं, बिघडलं तर कोण उघडतं आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातात, एवढंच शोधून काढ. हे काम सुरू होण्याआधीची तयारी आहे असं समजू नकोस, तुझ्या तिथल्या वर्षभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

तुझ्याच क्षेत्रातला दाखला देतो. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पंप जोडायची कल्पना निघाली. मुलं खेळतील, पाणी टाकीत चढेल आणि टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघेल, असा तो बेत. 2006 साली अमेरिकी सरकार आणि काही दानशूर संस्थांनी त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर केले. 2010 पर्यंत 4,000 पंप बसवायचे होते. मलावीत तर काही ठिकाणी असलेला हापसा काढून त्या जागी हा पाळणा बसवला गेला. पण पाणी भरायची वेळ पहाटेची, आणि पहाटे खेळायला कोण येणार? ते जड चाक कमरेत वाकून बायकांनाच फिरवावं लागलं. 2009 मध्ये ‘गार्डियन’ दैनिकाने हिशेब मांडला, की दाव्याइतकं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. पुढच्याच वर्षी या योजनेला पैसा पुरवणाऱ्या एका अमेरिकी फाउंडेशनने अपयश जाहीरपणे मान्य केलं. यातल्या कुणाचाही हेतू खोटा नव्हता. पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारलं असतं, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

यावर तू म्हणशील, की गावाच्या सवयीचं झालेलं दुखणं बाहेरच्यालाच दिसतं. खरं आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. परदेशी धर्तीचे ओतीव लोखंडाचे पंप एखाद्या कुटुंबापुरते घडवलेले असत. आपल्याकडे अख्खं गाव त्यांवर तुटून पडे आणि ते मोडत. 1960 च्या दशकात जालन्यातल्या मिशनच्या मंडळींनी पोलादी पंप तयार केला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ घडला, जो आज आफ्रिकेतही जागोजागी दिसतो. मिशनची माणसंही बाहेरचीच, पण मोडलेले पंप त्यांच्या रोजच्या नजरेसमोर होते. गंमत पुढेच आहे. मार्क टूचा आतला भाग बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्याला तिकाटणं आणि गाडीतून येणारी टोळी लागते. म्हणून 1980 च्या दशकात मलावी आणि केनियात ‘आफ्रिडेव्ह’ विकसित झाला. त्याचा दट्ट्या पाइप न काढता वर येतो आणि गावातल्या दोन बायका एका पान्याने सील बदलू शकतात. तू चालली आहेस तिथे बहुतेक हापसे हेच आहेत. म्हणजे त्या देशाला पंपाबद्दल बरंच काही ठाऊक आहे, हे मनात ठेवूनच विमानात बस.

दुसरा आक्षेप वेळेचा. वर्षच हातात, त्यातले दोन महिने नुसतं पाहण्यात घालवायचे? पण घाईने बसवलेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडलेला हापसा तुझं अख्खं वर्ष वाया घालवतो, आणि गावच्या पाणी समितीने जमवलेली वर्गणीही. साथ आली तर गोष्ट वेगळी. 2022-23 च्या कॉलऱ्यात मलावीत 1,700 हून अधिक माणसं गेली. अशा वेळी निरीक्षणाला सवड नसते. पण तेव्हाही आरोग्य खात्याचे कर्मचारी सांगतील ते काम कर. क्लोरीन वाटायला सांगितलं तर क्लोरीन वाट, आपली वेगळी योजना काढू नकोस.

पोचल्यावर पहिली भेट गावच्या मुखियाची, तिथे त्यांना म्फुमू म्हणतात. त्यांना न भेटता कुठल्याही बोअरपाशी जाऊ नकोस. कामाचं बोलण्याआधी ‘मुली ब्वांजी’ म्हणून खुशाली विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग पहाटे रांगेत उभी राहा, स्वतःची बादली स्वतः भर. बंद पडलेला हापसा दिसला तर तो कधीपासून बंद आहे हे विचार, आणि पाणी समितीचा पाना कुणाच्या घरी असतो तेही. सील कुठल्या बाजारात मिळतं, केवढ्याला मिळतं आणि सायकलवरून तिथवर जायला किती वेळ लागतो, हे वहीत लिहून मला कळव.

तुझा,
काका