दुकानाचा किराया आणि त्यावरचा खर्च



आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी भेटायला आला. विजयनगर भागात फराळाच्या पदार्थांचे दुकान टाकले होते, दहा महिन्यांत बंद केले. माल खपत होता. मग झाले काय? त्याने किराया विचारला होता, एकूण खर्च विचारलाच नव्हता. आईची साठवणही त्यात गेली. तो शेकडेवारीत कच्चा नव्हता, म्हणूनच आम्हाला जास्त वाईट वाटले.

हिशोब असा मांडा. आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत. कॉम्प्लेक्समध्ये 200 फुटांचे दुकान, किराया 12,000. मेंटेनन्स फुटाला 6 रुपये, म्हणजे 1,200. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर 13,200 वर 18 टक्के, म्हणजे 2,376. झाले 15,576. सहा महिन्यांचे डिपॉझिट 72,000. तेच बँकेत 6 टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला 360 मिळाले असते. म्हणजे 12,000 चे दुकान जवळजवळ 16,000 ला पडले!

नोंदणी असलेल्या व नियमित कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला हा जीएसटी वळता करता येतो. पण घरगुती लाडू-चिवड्यापासून सुरुवात करणाऱ्याची नोंदणी बहुधा नसते, त्याच्या खिशातूनच तो जातो.

आणखी एक. ते 200 फूट जिना-व्हरांड्यासकट असतात. टेप लावा. आत 140 भरले तर 60 रुपये फुटाचा भाव 86 च्या घरात जातो. राजवाड्याजवळच्या जुन्या दुकानांत हा घोळ कमी, तिथे पगडीची गोष्ट निघते. तो विषय वेगळा.

विजेचे मीटर व्यावसायिक असते. दुकान बंद असले तरी मंजूर भारावर नियत प्रभार लागतोच. मालकाच्या सब-मीटरवर असाल तर युनिटचा दर लिहून घ्या. मालमत्ता कर व कचरा शुल्क कोण भरणार, हेही विचारा. गुमास्ता, फूड लायसन्स, बोर्ड, फर्निचर हे सुरुवातीलाच लागते.

अनुबंध बहुधा 11 महिन्यांचा असतो, कारण 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. बाराव्या महिन्यात किराया किती वाढणार, हे सही करण्यापूर्वीच ठरवावे. मध्येच सोडल्यास डिपॉझिट किती परत मिळेल, हेही. आमच्या विद्यार्थ्याला यातले काहीच परत मिळाले नाही.

नववी-दहावीच्या मुलांनी 8,000 किराया, 150 फूट, मेंटेनन्स फुटाला 5 रुपये व तीन महिन्यांचे डिपॉझिट घेऊन हाच हिशोब घरी मांडावा आणि सोमवारी गणिताच्या तासाला आणावा.