टॉवेलची दांडी आधारासाठी नसते

पडून माझ्याकडे उपचारांसाठी आलेल्या ज्येष्ठांच्या घरच्यांना मी हमखास विचारतो, बाथरूममध्ये धरायला काय आहे? "आहे ना, टॉवेलची दांडी आहे," असं उत्तर मिळतं. नाहीतर, "अजून हिंडतात-फिरतात. आत्तापासून दांडा लावला तर सवय लागेल."

ही सवयीची भीती आधी डोक्यातून काढा. आधाराच्या दांड्याने कुणी परावलंबी होत नाही, मोडलेल्या खुब्याने होतं. दांडा धरून उठणारी बाई स्वतःच्याच पायांवर उठत असते. माणूस हिंडता-फिरता असतो, तेव्हाच दांडा बसवून घ्यायचा असतो.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या, वय ७६. ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टॉवेलच्या दांडीकडे गेला आणि दांडी गिट्ट्यांसकट भिंतीतून उपटून आली. खुबा वाचला, पण उजवं मनगट मोडलं. "मुलगा कधीचा मागे लागला होता. मीच नको म्हणत होते. आल्या-गेल्याला आजाऱ्याचं घर वाटेल ना!" तेव्हा त्यांची वेणीसुद्धा सूनबाई घालायची, आणि हाताच्या दुखण्यापेक्षा त्यांना त्या वेणीचंच जास्त लागलं होतं.

टॉवेलची दांडी, नळ, बेसिनची कड यांतलं काहीही माणसाचं वजन पेलायला बसवलेलं नसतं. व्हॅक्यूमने टाइलला चिकटणारे दांडे ऑनलाइन मिळतात, तेही नकोत. त्यांची पकड कधी सुटेल याचा नेम नाही. स्टीलचा, मुठीत नीट मावणारा, साधारण ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा दांडा घ्या आणि पक्क्या भिंतीत अँकर फास्टनरने बसवा. एक कमोडशेजारी, एक अंघोळीच्या जागी. उंची प्लंबरला ठरवू देऊ नका. आईला कमोडवर बसवा, उठताना तिचा हात जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. काम झालं की घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांडा जोर लावून ओढून पाहावा.

पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून अंघोळ आता पुरे. हात असलेली, पायांना रबर लावलेली भक्कम खुर्ची ठेवा. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असली की गुडघ्यांवर ताण कमी येतो. सरकणारी पायपुसणी आजच काढा. दिवाळीत तेल जरूर लावा, पण तळपायांना नको. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. दरवाजा बाहेर उघडणारा असावा, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. आतून कडी लावू नका म्हणून वडिलांना दटावू नका, त्यांनाही आडोसा हवा असतो. बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप बसवा. हे सगळं दोन-चार दिवसांत होणारं काम आहे, घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही.

'आधी डोक्यावर पाणी घेतलं की लकवा होतो' हा फॉरवर्ड दाखवणारे महिन्यातून दोघेतिघे तरी भेटतात. तो पुढे पाठवणं थांबवा आणि आई-वडिलांच्या गोळ्यांचा डबा बघा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर रात्री लघवीला उठताना किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर उभं राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. तो आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका, आणि दुकानातून चक्करची गोळी तर आणूच नका. त्यांतल्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हालचाल मंदावते, हात थरथरतात, मग तोल आणखी जातो. रात्री संडासच्या वाटेवर दिवा चालू राहू द्या.

एवढं करूनही कुणी पडलंच तर? जांघेत दुखतंय, पायावर भार देता येत नाही, पाय आखूड दिसतो किंवा पाऊल बाहेर वळलंय, तर उभं करून बघू नका. तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. चार पावलं लंगडत चालता आली म्हणजे हाड शाबूत आहे असंही नाही, एक्स-रे काढाच. खुब्याचं ऑपरेशन लागलंच तर शक्यतो ४८ तासांच्या आत व्हायला हवं, आणि मालिशवाल्याकडे घालवलेले दिवस आम्हाला भरून काढता येत नाहीत. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस कितीही बरा दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. गोळी चालू नसली तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, चालण्यात फरक दिसला तर डोक्यात हळूहळू रक्त साचत असू शकतं. आणि 'कसं पडलो ते आठवतच नाही' असं वडील म्हणाले, तर दोष फरशीला देऊन थांबू नका. आधी ईसीजी काढा.