हॉबी प्रोजेक्टरसाठी तीन रंगांचं लेझर मॉड्यूल: डिझाइन, खर्च आणि डोळ्यांची सुरक्षा



व्हिडिओमध्ये आपण मॉड्यूल उघडून बघितलं. आता त्यातला हिशेब कागदावर मांडू. हॉबीवाला माणूस गॅल्व्हो म्हणजे हलणारे आरसे विकत आणतो, कंट्रोलर स्वतः जोडतो. अडतो तो लाल, हिरवा, निळा असे तीन किरण एका रेषेत आणताना. हा अडलेला भाग तयार करून विकणं, हा आपला धंदा. पुढचं सगळं डिझाइन 'छोटं, परवडणारं आणि घरात चालवता येईल असं' या एका वाक्यावरून ठरवायचं.

१) किती पॉवर हवी?

बहुतेक जण इथे 'जितकी जास्त तितकी भारी' असं धरून चालतात. हिशेब करून बघा. आपल्या डोळ्याला सगळे रंग सारखे दिसत नाहीत. १ वॅट प्रकाशातून ५२० नॅनोमीटरच्या हिरव्यात साधारण ४८५ लुमेन मिळतात, ६३८ च्या लालमध्ये १३० च्या आसपास आणि ४५० च्या निळ्यात जेमतेम २६. पांढरा रंग जमवायला या तिघांचं प्रमाण साधारण असं येतं: लाल ४३, हिरवा ३०, निळा १७ मिलीवॅट. एकूण ९० मिलीवॅट, आणि उजेड सुमारे २० लुमेन.

२० लुमेन कमी वाटतात? २०१० मध्ये मायक्रोव्हिजनचा शो-डब्ल्यूएक्स हा खिशातला लेझर प्रोजेक्टर १० लुमेनचा होता. तो पूर्ण चित्र दाखवायचा, आपल्याला फक्त रेषा काढायच्या आहेत. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर तेवढं भरपूर झालं.

छोट्या पॉवरचा आणखी एक फायदा म्हणजे या रेंजमध्ये सिंगल मोड डायोड मिळतात. त्यांचा ठिपका साध्या अ‍ॅस्फेरिक लेन्सने स्वच्छ येतो. मोठ्या पॉवरचे डायोड मल्टिमोड असतात, त्यांचा किरण पट्टीसारखा पसरतो आणि तो सुधारायला जादा लेन्स किंवा प्रिझम लागतात. म्हणजे पॉवर वाढली की खर्च आणि आकार दोन्ही वाढतात.

२) हिरवा कोणता घ्यायचा?

जुन्या पद्धतीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर असा बनतो: ८०८ चा इन्फ्रारेड डायोड एका क्रिस्टलला उजळवतो, त्यातून १०६४ निघतो, दुसरा क्रिस्टल त्याचा ५३२ करतो. हा तापमानाला नाजूक असतो आणि भराभर चालू-बंद करायला कुरकुरतो. स्वस्त मालात फिल्टर नसेल तर न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर येतो. म्हणून थेट ५२० चा डायोडच घ्या. थोडा महाग पडेल, पण परत येणारा माल कमी होईल.

३) ड्रायव्हर

डायोडला ठरलेला करंट द्यायचा असतो, नुसतं व्होल्टेज देऊन भागत नाही. लाल डायोड साधारण सव्वादोन-अडीच व्होल्टवर चालतो, हिरव्या-निळ्याला त्याच्या जवळपास दुप्पट लागतं. त्यामुळे तिन्ही चॅनेल वेगळे ठेवा. साधं चालू-बंद म्हणजे टीटीएल ठेवलं तर फक्त सात रंग मिळतात. ० ते ५ व्होल्टचा अ‍ॅनालॉग इनपुट दिला की हव्या तितक्या छटा निघतात आणि इल्डा पद्धतीच्या कंट्रोलरशी मॉड्यूल जुळतं. सेकंदाला २०,००० बिंदूंचा गॅल्व्हो असेल तर एका बिंदूला ५० मायक्रोसेकंद मिळतात. ड्रायव्हर त्याच्या दहापट तरी चपळ हवा, नाहीतर रंगांच्या शेपट्या दिसतात.

४) किरण जुळवणं

तीन किरण दोन डायक्रोइक आरशांनी एकत्र येतात. हा आरसा एक रंग परावर्तित करतो आणि दुसरा आरपार सोडतो. आता बघा, ५ मीटरवरच्या भिंतीवर १ मिलिमीटर चूक म्हणजे ०.२ मिलीरेडियन. आरशाचा स्क्रू एम३ म्हणजे अर्धा मिलिमीटर पिचचा आणि टेकूपासून २५ मिलिमीटरवर असेल, तर एका फेऱ्यात किरण ४० मिलीरेडियन वळतो. म्हणजे भिंतीवर २० सेंटिमीटर! आपल्याला हवा एका फेऱ्याचा दोनशेवा भाग. हाताने हे जमतं, पण वेळ जातो आणि कुरिअरच्या धक्क्याने परत बिघडतं.

उपाय असा: बेस एकाच जाड अ‍ॅल्युमिनियम पट्टीतून सीएनसीवर काढा. एक लेझर पक्का बसवा आणि बाकीचे दोन त्याच्याशी जुळवा. बारीक पिचचे स्क्रू जुळवणीच्या जिगमध्ये ठेवा, मॉड्यूलमध्ये नको. जुळलं की यूव्ही ग्लूने कायमचं बसवा. जिग एकदाच बनतो आणि प्रत्येक नगाला उपयोगी पडतो. हाच बेस उष्णताही खेचतो. तिघांत लाल डायोड गरमीला सगळ्यात नाजूक, म्हणून त्याला हवा खेळेल अशी बाजू द्या.

५) खरी किंमत काढा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपले कोटेशन घाला. समजा एका नगाला ६,५०० रुपयांचा माल लागतो आणि ३ तास जुळवणी, तासाला २५० प्रमाणे ७५० रुपये. कागदावर किंमत ७,२५०.

पण १० नगांपैकी २ वाया गेले तर? ग्लू लावल्यावर भाग निघत नाहीत. खर्च ७२,५०० आणि विकायला नग ८, म्हणजे एक नग ९,०६२ ला पडला. ९,००० ला विकलात तर विक्री होऊनही खिशातून जातील.

आता दोन सुधारणा तपासू. जुळवणी ३ तासांवरून १ तासावर आणली तर नगामागे ६२५ रुपये वाचतात. वाया जाणारे २ वरून १ वर आणले तर सुमारे १,००० वाचतात. डायोड बहुतेक वेळा अंगातल्या स्थिर विजेने मरतो. म्हणून जिगच्याही आधी अँटिस्टॅटिक मॅट आणि मनगटपट्टा घ्या. शिवाय ग्लू लावण्याआधी प्रत्येक डायोड काही तास चालवून पाहा.

६) गिऱ्हाइकाचा डोळा

इथे तडजोड नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५-१ प्रमाणे दिसणारा सततचा किरण ५ मिलीवॅटच्या वर गेला की तो वर्ग ३बी, ५०० च्या वर गेला की वर्ग ४. आपलं ९० मिलीवॅटचं मॉड्यूल ३बी मध्ये येतं. म्हणजे हा किरण थेट किंवा आरशावरून डोळ्यात गेला तर पापणी मिटण्याआधीच इजा होऊ शकते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली, ती डोळ्यांना होणाऱ्या इजेच्या तक्रारींनंतरच.

म्हणून किल्लीचा स्विच, इंटरलॉक जोडणी, चालू असल्याचा दिवा, किरण अडवणारी झडप आणि वर्गाचं लेबल हे सगळं मूळ किमतीत धरा. गॅल्व्हो अडकला तर लेझर आपोआप बंद व्हायला हवा, नाहीतर सगळी पॉवर एकाच ठिकाणी थांबते. लेबलवर पॉवर मीटरने मोजलेलाच आकडा छापा. अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर तिथल्या एफडीएचे लेझरचे नियम आधी वाचा. मराठीत सूचनापत्र द्या: डोळ्यांच्या उंचीच्या वर लावा, माणसांकडे किंवा आकाशात मारू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

या आठवड्याचं काम

५० नगांचा माल उचलू नका. तीन डायोड, दोन आरसे आणि लेन्सचं लेखी कोटेशन आणा, प्रत्येक भागाला दुसरा पुरवठादार शोधा आणि वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी भरा. मग ५ नग बनवा आणि ते प्रोजेक्टर आधीपासून वापरणाऱ्यांना विका, फुकट देऊ नका. महिनाभराने त्यांच्या भिंतीवर तिन्ही रंग अजून एका रेषेत आहेत का, ते विचारा. उत्तर 'हो' आलं तरच पुढच्या २० नगांचा विचार करा.